सतरा मिलिमीटर

परीक्षितला संपदासाठी गुपचूप अंगठी घडवायची होती, पण माप विचारलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. शेवटी त्याने ऑफिसचं कार्ड हातात धरलेला तिचा एक फोटो पट्टीने मोजला. कार्ड फोटोत चार सेंटिमीटर, प्रत्यक्षात साडेआठ. बोटाची जाडी फोटोत आठ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात सतरा! जोहरी बाजारातल्या सोनाराने तेवढ्यावर अंगठी घडवून दिली.

रविवारी नाहरगडावर त्याने ती संपदाच्या बोटात घातली. चपखल बसली. "लग्न करशील?" विचारायचं सोडून तो ओरडला, "गुणोत्तर बरोबर आलं!"

हसता हसता संपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पर्समधून एक डबी काढली.



"आता तुझा हात दे. मी तुझं माप फोटोतल्या चहाच्या कपावरून काढलंय."