भिंतीपासून चार बोटं

"टेकलं," रंगारी म्हणाला. "देवमाशाचं शेपूट भिंतीला टेकलं."

"नाही टेकलं बाबा," मुंगी म्हणाली. "वाऱ्याने हललं फक्त."

"आज हललं, उद्या टेकेल, परवा घासेल. एक जरी ओरखडा दिसला तरी सगळी पोस्टरं रद्दीत. ठरलंय आपलं."

मुंगी नऊ वर्षांची. खोली तिची होती, पण खोलीतली मोठी भिंत बाबाची होती. दिवसभर लोकांची घरं रंगवून आल्यावर त्याने तीन आठवडे ती भिंत केली होती. खड्डे बुजवणारी लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची, आणि वर फिक्या निळ्या रंगाचे तीन हात. माशी बसली तर घसरून पडेल, असं तो सांगायचा. तेव्हापासून भिंतीला तो तळहाताच्या फोडासारखा जपत होता. खिळा नाही, चिकटपट्टी नाही, पाठ टेकून बसणं तर नाहीच.

म्हणून मुंगीच्या आईने भिंतीला हातच लावला नव्हता. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत तिने पडद्याची जुनी दोरी ताणली आणि तिला कपड्यांचे चिमटे लावले. पोस्टरं वळू नयेत म्हणून वरखाली मोडक्या छत्रीच्या काड्या खळीने चिकटवल्या. देवमासा आणि ग्रहमाला खिडकीच्या बाजूला लागले. साप लांबलचक, तो पँटच्या हँगरला अडकवून खिडकीतच सोडला. कपाटाकडची अर्धी भिंत मोकळी.

"उस्ताद काय पोस्टरं बघायला येणारेत?" रंगारी कुरकुरला.

ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद पाच वाजता येणार होते. खास भिंत बघायला. उस्तादांनी जन्मात कुणाच्या भिंतीला 'छान' म्हटलं नव्हतं. ज्याच्या भिंतीला 'चालेल' म्हणाले, तो पेढे वाटायचा.

"अहो, निम्मी मोकळी आहे की," आई शांतपणे म्हणाली. "आणि मागे चार बोटं अंतर आहे. मोजा हवं तर."

रंगाऱ्याने खरोखर मोजलं. चार बोटं. मग आपली बोटं जाड म्हणून मुंगीचा हात धरून पुन्हा मोजलं. सहा.

तरी त्याचं समाधान होईना. त्याने लांब वायरीचा दिवा आणला. दिवा भिंतीलगत आडवा धरला, की उजेड भिंतीवरून सरपटत जातो आणि केसाएवढी चूकही सावली टाकते. या दिव्याने त्याने भल्याभल्या रंगाऱ्यांची तोंडं उतरवली होती. घरच्या भिंतीवर तो नेहमी खिडकीकडून दिवा धरायचा, कपाटापर्यंत उजेड जेमतेम पोचायचा. आज तिथे देवमासा होता. मग तो कपाटाच्या बाजूला गेला आणि तिकडून धरला.

मुंगीने डोळे गच्च मिटले. आईने ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं. रंगारी दिवा तसाच धरून पुढे वाकला.

"निघाला ओरखडा?" मुंगीने एक डोळा उघडला.

"नाही."

"मग?"

रंगारी मोकळ्या जागेकडे बघत होता. तिथे, बरोबर मधोमध, भिंतीला पोट आलं होतं. बशीएवढं. पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी भिंत तेवढ्यापुरती पुढे आली होती. यात देवमाशाचा दोष नव्हता आणि ग्रहांचाही नव्हता. लांबी त्याने भरली होती, ती सपाट करणारा पत्राही त्यानेच फिरवला होता. लोकांच्या भिंतीचं पोट त्याला दारातून दिसायचं. आपला मात्र बाब्या.

इतक्यात जिन्यात काठी वाजली. उस्तादांना दिवा लागत नसे. ते नुसता तळहात फिरवायचे.

"मुंगे," रंगारी दबक्या आवाजात म्हणाला, "तो देवमासा इकडे सरकव."

"पण इकडे मोकळं ठेवायचंय ना?"

"सरकव म्हणतो ना!"

"भिंतीला टेकेल, बाबा."

"टेकू दे. चांगला टेकू दे."

आई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

मुंगीने चिमट्याला हात घातला आणि तिथेच थांबली. शेवटी रंगाऱ्याचीच लेक, आधी बोली मग काम. "मग तो कायमचा राहील?"

"राहील."

"साप पण?"

"साप पण. अगं, आवर लवकर!"

देवमासा सरकला आणि उस्ताद आत आले. त्यांनी पाणी घेतलं नाही, बसलेही नाहीत. डोळे मिटून आता मोकळ्या झालेल्या भिंतीवर तळहात टेकला आणि वरून खाली, खालून वर फिरवला.

"चालेल," ते म्हणाले.

रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

मग उस्ताद दोन पावलं सरकले आणि देवमाशासमोर उभे राहिले. पोस्टर त्यांनी उचललं नाही. नुसती मान रंगाऱ्याकडे वळवली.

"केवढं आहे?"

रंगाऱ्याने जमिनीकडे बघितलं. "बशीएवढं."

उस्तादांनी चष्मा लावला. दोरी ओढून बघितली, चिमटा उघडून बघितला, छत्रीच्या काडीवरून बोट फिरवलं. मग ते मुंगीच्या आईकडे वळले.

"सूनबाई, हे कसं केलंत ते मला जरा नीट सांगा. माझ्या घरी ताटाएवढं आहे, आणि सहा वर्षं झाली, तिथलं जुनं कॅलेंडर काढायची हिंमत होत नाही."