जादू लपवणारी पोर

सर्बियातल्या उझित्से गावच्या त्या गल्लीत सध्या एकच कादंबरी हातोहात फिरत होती: मावशीच्या घरात राहून आपली जादू लपवणाऱ्या पोरीची. टोपणनावाने ती लिहिली होती नेवेनाने, बाळ निजलं की न्हाणीघराची कडी लावून. शनिवारी प्रकाशकाने तिला बेलग्रेडला वाचकांच्या भेटीला बोलावलं होतं. म्हणजे आज सासूबाईंना सांगणं भागच होतं.

शेजारच्या स्लावका काकू कॉफीला आल्या होत्या. "मी तर बाई ढसाढसा रडले! नात म्हणते, दुसरा भाग हवाच."

"मला नाही पटलं," सासूबाई म्हणाल्या. "एकाच घरात राहून पोरगी जादू करते आणि मावशीला पत्ता नाही? मी असते तर पहिल्याच दिवशी पकडली असती."

"तुझं काय बाई राडमिला! तू तर कपात उरलेल्या कॉफीच्या गाळात लोकांचं नशीब वाचतेस."

कडेवरच्या बाळाला सावरत नेवेनाने धीर केला. "आई, मला जरा सांगायचं होतं..."

"थांब गं, आधी तुझं बघू तर दे." सासूबाईंनी बशीवर पालथा घातलेला तिचा कप उचलला, उजेडाकडे धरून नीट न्याहाळला आणि हसल्या. "बघ स्लावका, ना कुठला रस्ता, ना कसली बातमी. हिच्या कपात कधी काही निघतच नाही. हं, बोल आता, काय सांगत होतीस?"

नेवेना म्हणाली, "शनिवारी दाढ काढायला जायचंय, आई. दिवसभर बाळाला बघाल?"