हयातीचे दाखले

"मी जिवंत आहे, एवढं छापायला तुमच्या यंत्राला काय धाड भरलीय?" शहाऐंशी वर्षांच्या नारबातात्यांनी ग्रामपंचायतीच्या टेबलावर काठी आपटली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आज पाचच्या आत पोचला नाही, तर सरकारदरबारी ते मेलेच!

क्लार्क मंदाकिनीबाईंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर काढून, फुंकर मारून परत खोचली. प्रिंटर ढिम्म. मग त्या इरेला पेटून प्रिंटचं बटण दाबतच सुटल्या.

"परवा खंडेनवमीला याची साग्रसंगीत पूजा केली, तरी मेला उलटला!" त्या रडकुंडीला आल्या.

तात्यांचे डोळे बारीक झाले. "अक्षता कुठं वाहिल्या?"

"ह्या इथं. कागद घालतात तिथं."

तात्यांनी प्रिंटर उचलून उपडा केला आणि घशात चणा अडकलेल्या पोराला घालावेत तसे त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. मूठभर तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि एक सुपारी टेबलावर सांडली. सरळ ठेवल्यावर प्रिंटर खाकरला आणि एकामागून एक दाखले ओकू लागला. बाईंनी जितक्यांदा बटण दाबलं होतं, तितके. सदतीस.

"जादाचे फाडून टाकते," बाई ओशाळून म्हणाल्या.

"खबरदार! दरवर्षी एक लागतो. सगळ्यांवर सही-शिक्का मारा, तारखा माझ्या मी घालीन."

गठ्ठा काखेत मारून तात्या दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, अक्षता जरा बेतानं वाहत जा. सदतीस वर्षांनी परत यायचंय मला."