कोरा लँगली त्या दिवशी रडली नाही

दर रविवारी दुपारी बर्बँकला व्हर्नाच्या घरी ती, लीलंड आणि मी असे आम्ही तीन म्हातारे मित्र जुने सिनेमे बघत बसायचो. त्या सिनेमांतली नटी कोरा लँगली हिच्यावर व्हर्नाची लहानपणापासून भक्ती होती.

त्या दिवशी लीलंड कॉफी ढवळत म्हणाला, "अभिनय कुठं येत होता तिला? निर्मात्याच्या मेहेरबानीवर मोठी झाली बाई."

व्हर्ना भडकली. "मेलेल्या बाईवर चिखल उडवताना लाज नाही वाटत तुला? तिचा रडण्याचा प्रसंग बघ आणि मग तोंड उघड."

तिने सिनेमा लावला. तो प्रसंग आम्हाला पाठ होता. नायक युद्धावर निघतो, कोरा त्याच्याकडे बघत राहते आणि तिचे डोळे भरून वाहू लागतात.

त्या दिवशी ती रडली नाही. नायक त्याची वाक्यं बोलत होता आणि कोरा त्याच्या खांद्यावरून सरळ आमच्या खोलीत बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"वेगळी प्रत असेल," म्हणत लीलंड उठला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. कोराची नजर त्याच्या मागोमाग खिडकीकडे गेली.

मी टीव्ही बंद केला. नायकाचा आवाज तेवढा थांबला. ती तशीच दिसत राहिली.

"माफी माग तिची," व्हर्ना म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

लीलंडचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलो मी," तो पुटपुटला. "उगाच बोललो."

कोराने ते पूर्ण ऐकून घेतलं, नकारार्थी मान हलवली आणि समोर उभ्या असलेल्या नायकाला हाताने बाजूला सारलं.