कार्डाची तारीख

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज केल्यावर चौदा महिन्यांनी हिरुतला एकदाचं मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि नेमकं मुलाखतीच्या सकाळी तिचं कायम रहिवासाचं कार्ड सापडेना. कार्डाची मुदत संपायला नऊच दिवस उरले होते. मुलाखतीला येताना कार्ड आणा, असं पत्रात ठळक छापलेलं.

पर्स झाली, गादीखाली झालं, कॉफीचे डबेसुद्धा उपडे करून झाले.

"काल तर तेच हातात धरून कपाळ बडवत होतीस," नवरा, फिक्रू, म्हणाला.

"आणि तू काय म्हणालास? तारीख उलटली की तुला इथे कोण ठेवून घेतंय! आता तोंड नको चालवूस, हात चालव."

त्यांची पाच वर्षांची लेक मेकलित दोघांकडे बघत टेबलाशी गुपचूप बसली होती. पोरीला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून हिरुतने धुसफुसतच फ्रीजर उघडला, शनिवारी करून ठेवलेला इंजेरा, आंबवलेल्या पिठाचे मऊ घावन, काढायला. ब्रेडच्या दोन पुड्यांच्या मधोमध, पिशवीत नीट गुंडाळलेलं, गारठलेलं कार्ड तिच्या हाताला लागलं.

"मेकलित, हे तू केलंस?"

पोरीने आईकडे बघत होकाराची मान डोलावली.



"तारीख जवळ आली की तू ब्रेड त्यातच ठेवतेस ना, एमाये? मग त्याला कुणी टाकून देत नाही."