सातवी रेघ

हेमलताने चौथी पट्टी कागदावर चिकटवली आणि तिचा हात थांबला. क्षयाचा जंतू बदलून औषधाला दाद देईनासा झाला, की या पट्टीवरची एखादी रेघ उमटत नाही. इथे चारही पट्ट्यांवर सातवी रेघ गायब होती. असा बदल तिने नऊ वर्षांत या लॅबमध्ये पाहिला नव्हता.

"पेशंट चार वेगळ्या पाड्यांवरचे आहेत. एकमेकांना ओळखतही नसतील," ती डॉक्टरांना म्हणाली. "जंतू मात्र एकाच माणसाकडून आल्यासारखा दिसतोय."

तेवढ्यात लहानूकाका नमुन्यांची पेटी घेऊन आत आले. पंधरा वर्षं ते पाड्यापाड्यांवर फिरून क्षयाच्या पेशंटना समोर बसून गोळ्या घ्यायला लावत आणि थुंकीच्या डब्या इथे पोचवत. हे चारही पाडे त्यांच्याकडेच होते. मास्क ते कधी लावत नसत. त्याने माणसाला वाळीत टाकल्यासारखं वाटतं, म्हणत, आणि पेशंटच्या शेजारी बसून चहा घेत.

पेटी टेबलावर ठेवता ठेवता त्यांना खोकल्याची उबळ आली.

"चढ चढून आलो ना," ते छाती चोळत म्हणाले. "आज लवकर सोडा, ताई. आश्रमशाळेत तपासणी आहे. तीनशे पोरं खोळंबलीत."

डॉक्टरांनी खुर्ची हळूच मागे सरकवली. हेमलताने कपाटातून एक कोरी डबी काढली आणि काकांपुढे धरली.

काकांनी ती सवयीने घेतली, खिशातलं पेन काढून डबीवर टेकवलं आणि विचारलं, "कुणाचं नाव घालू?"