आतली कडी

"दाराला आतून कडी आहे का?" अण्णांनी विचारलं.

सकाळपासूनचा हा तिसरा वृद्धाश्रम आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न. मुलीनं नेहमीसारखं मध्ये पडून सावरून घेतलं. "त्यांना कोंडून पडायची भीती वाटते हो. घरी मी त्यांच्या खोलीचं दारच काढून ठेवलंय. बाथरूमची कडीसुद्धा. उगाच आत पडले-बिडले तर?"

"कडी आहे, मास्तर," मॅनेजरबाई अण्णांकडे, त्यांच्या गळ्यातल्या टेपेकडे बघत म्हणाल्या.

अण्णांनी पन्नास वर्षं लोकांचे कोट शिवले होते. आता त्यांची कात्री मुलीनं कुलपात ठेवली होती आणि मशीन विकून टाकलं होतं. गळ्यातली टेप तेवढी उरली होती. टेपेनं कुणाला काय इजा होणार? तीच घेऊन ते सकाळपासून खोल्या मोजत फिरत होते.

पहिल्या ठिकाणची खोली ऐसपैस होती, शिवाय नातेवाइकांसाठी वेगळा पलंग. "म्हणजे मला रात्रीही राहता येईल!" ती हरखून म्हणाली. अण्णांनी टेप गुंडाळली. "भिंतीला ओल आहे." तिला ओल काही दिसली नाही. दुसऱ्या ठिकाणी नातेवाइकांनी कधीही यावं, केव्हाही जावं, घरच आपलं. तिथे अण्णांना स्वयंपाकघराचा वास आला. तो तिलाही आला, पण चांगला आला.

ती बावन्न वर्षांची होती आणि अण्णा तिला अजून बेबीच म्हणत. आई गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून ती काजात अडकलेल्या बटणासारखी त्या घरात होती. सुटत नव्हती, तुटतही नव्हती. लग्नाचं राहून गेलं. ऑफिसनं दोनदा परगावी बढती देऊ केली आणि दोनदा तिनं अण्णांचं कारण सांगितलं. आता तिसरं पत्र आलं होतं, शेवटचं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. अण्णांनी एक जागा पसंत केली असती की ती सुटली असती. पण अण्णा कुठले हो म्हणायला!

"स्थळं दाखवत फिरतेय की काय मी तुम्हाला?" टॅक्सीत ती वैतागून म्हणाली होती.

"तुला दाखवली तेव्हा तू काय कमी नाकं मुरडलीस?" अण्णा म्हणाले होते. मग दोघंही हसले होते.

इथली खोली म्हणजे जेमतेम वीतभर. अण्णांनी खाटेपासून भिंतीपर्यंत टेप लावली. "अडीच फूट. दुसरी खाट मावायची नाही."

"खाट राहू दे, खुर्ची मावली तरी खूप. कोंडवाडा आहे नुसता. चला अण्णा."

"उजेड डावीकडून येतो. शिवायला बरा."

मॅनेजरबाईंच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. अण्णांनी कोटाच्या आतल्या घडीतून सुई काढली. घरातल्या सगळ्या सुया तिनं लपवल्या होत्या, ही कुठून आली देव जाणे.

"अण्णा, नको, टोचेल! हात थरथरतात हो त्यांचे."

दोरा पहिल्याच खेपेला नेढ्यात गेला. एखादवेळी जातो, तिला वाटलं.

"कडी बाहेरून उघडायची चावी?" अण्णांनी टाका घालत विचारलं.

"एकच. नर्सकडे."

"घरच्यांकडे?"

"नाही. भेट रविवारी, चार ते सहा. फाटकावर यादी असते, तिच्यात नाव असेल त्यालाच आत सोडतात."

"तुरुंग झाला की हो हा!" ती म्हणाली.

अण्णांनी दातांनी दोरा तोडला. वाकलेली पाठ, कोटात बुडालेले खांदे. या माणसाला इथे टाकून ती परगावी जाणार होती?

"ऐका अण्णा," ती त्यांच्याजवळ बसली. "घाबरू नका. समोरच्या बिल्डिंगमध्ये खोली भाड्यानं द्यायची पाटी पाहिली मी. मी तिथे राहते. यांना सांगून ठेवू, रोज तिन्ही वेळा येईन. भरवून जाईन."

"आणि सोमवारचं पत्र?"

"नाही म्हणून कळवते. त्यात काय एवढं?"

अण्णा टेप गुंडाळत राहिले. ती पुरी गुंडाळून झाली तरी बोटं फिरतच होती.

"हीच खोली," ते म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "बघितलंत?" ती मॅनेजरबाईंना म्हणाली. "मी जवळ राहणार म्हटल्यावर कसे लगेच तयार झाले! आणा तो फॉर्म, मी भरते."

"राहणाऱ्यानंच भरायचा असतो, ताई. तुम्ही तोवर स्वयंपाकघर बघून घ्या."

तिनं ते अगदी मनापासून पाहिलं. झाकणं उचलली, तेल हुंगलं. अण्णांना मीठ कमी, पावाचे तुकडे बारीक, चहा कोमट, असं तिनं आचाऱ्याला दोनदा बजावलं. "आजी, माझ्या पोरालासुद्धा मी एवढं बघत नाही," आचारी म्हणाला. आजी म्हटल्याचा तिला रागही आला नाही.

परत आली तेव्हा खाली मॅनेजरबाईंच्या ऑफिसात अण्णा नव्हते. वर कुठेतरी खट्ट आवाज झाला; कडी लागल्याचा.

"लावून बघताहेत," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

फॉर्म टेबलावरच होता. अण्णांचं लिहिणं तपासायची तिला सवय होती. तिनं तो पुढे ओढला. औषधं बरोबर. पथ्य बरोबर. शेवटच्या पानावर दोन रकाने होते. भेटायला कोण येईल, या पहिल्या रकान्यात दुकानातल्या जुन्या कारागिराचं नाव होतं. काय हा विसराळूपणा! तिनं पर्समधून पेन काढलं आणि कारागिराच्या नावाखाली स्वतःचं नाव घालायला टेकवलं, तेव्हा तिचं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं.

त्यावर छापलं होतं, 'यांना आत सोडू नये'. खाली न थरथरलेल्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली एक सरळ रेघ, कात्री लावण्याआधी कापडावर मारतात तशी.